एकेचाळीस वेळा ‘आम्ही’

छापखान्यात तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘भिंगबाई’. बावीस वर्षं ती एकाच टेबलाशी बसून प्रुफं वाचत होती, आणि चष्मा असतानाही हातातलं भिंग सोडत नव्हती. औषधांची माहितीपत्रकं, लिफ्टच्या सूचना, लग्नाच्या पत्रिका, जे येईल ते तिच्या हाताखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नसे. स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी तिला रात्रीची झोप लागत नाही, असं मशीनवाले म्हणायचे. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नाही.

त्या सोमवारी मालकांनी तिच्यापुढे अठ्ठेचाळीस पानांची एक पुस्तिका ठेवली. जहाजावरच्या सुरक्षेच्या सूचना. डावीकडे नॉर्वेजियन, उजवीकडे फिलिपिनो. कंपनी नॉर्वेची, वरचे अधिकारी तिकडचे, आणि डेकवर राबणारी सगळी माणसं फिलिपिनो. जहाज बंदरात दुरुस्तीला लागलं होतं, शनिवारी सुटणार होतं, आणि त्याआधी पुस्तिका जहाजावर पोचायला हव्या होत्या.

“दोन्ही भाषा आपल्याला येत नाहीत,” मालक खुशीत म्हणाले, “म्हणजे डोक्याला ताप नाही. आलंय तसं लावायचं आणि मोकळं व्हायचं. तुम्ही फक्त पानांचे आकडे बघा.”

“आणि मजकूर?”

“मजकुराला त्यांचं प्रमाणपत्र आहे. शिक्क्यासकट. तुम्ही कशाला जीव आटवताय?”

पण न वाचता पान पुढे सरकवणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. तिने पट्टी घेतली, ओळीखाली धरली आणि डावीकडून उजवीकडे ताडून बघायला सुरुवात केली. अर्थ कळत नव्हता, पण अक्षरं तर दिसत होती! दोन्हीकडची लिपी रोमनच, तरी थाट वेगळा. डावीकडे एका ‘ए’च्या डोक्यावर टिकली, एका ‘ओ’च्या पोटातून आडवी रेघ, आणि एके ठिकाणी ‘ए’ आणि ‘ई’ गळ्यात गळा घालून बसलेले. शब्द तर मालगाडीसारखे, डब्याला डबा जोडलेले. ओळीच्या शेवटी कुठे तोडावेत हाच प्रश्न. उजवीकडे ‘एम-जी-ए’ असं एक तीन अक्षरी चिटुकलं ओळीओळीत नाक खुपसत होतं. ते अनेकवचनाचं असावं हे तिने सोमवारी संध्याकाळीच ओळखलं. चित्रातली होडी एकाची अनेक झाली की डावीकडे तिच्या शब्दाला शेपूट फुटायचं. उजवीकडे तिच्यापुढे हे चिटुकलं येऊन उभं राहायचं.

मंगळवारी सकाळपर्यंत तिला आणखी बरंच दिसलं. नॉर्वेजियन क्रियापद वाक्यात बहुधा दुसऱ्या खुर्चीवर बसतं. फिलिपिनो क्रियापद पाहुण्यासारखं पहिल्या पाटावर. ‘आणि आपलं मराठी,’ तिला हसू आलं, ‘सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी.’ फिलिपिनोत काही पुढे व्हायचं असलं की शब्द आपलंच पहिलं अक्षर दोनदा म्हणे, जणू निघण्याआधी उंबऱ्यावर अडखळतोय. आणि ‘नाही’ला ते लोक चक्क ‘हिंदी’ म्हणत! हे तिने डीटीपीवाल्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून पडायचा राहिला.

“म्हणजे त्यांना विचारलं, ‘हिंदी येतं का’, तर काय समजतील?”

“समजतील ते समजतील. तू चौदावं पान काढ.”

कारण चौदाव्या पानावर तिला खडा लागला होता. डावीकडे जिथे जिथे ‘इक्के’ होतं, तिथे उजवीकडे ‘हिंदी’ नाहीतर ‘हुवाग’ होतं. फुली मारलेल्या चित्रांवरून तिने ताडलं होतं, इक्के म्हणजे नाही. हुवाग म्हणजे करू नका. सगळीकडे हिशेब चोख बसत होता. फक्त चौदाव्या पानावर डावीकडे इक्के होतं आणि उजवीकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. एक ‘नाही’ गळला होता. जे करू नका म्हणायचं तेच करा म्हटलं गेलं, तर?

तिने मशीन थांबवलं. मालक कुरकुरले, पण जहाज कंपनीच्या तपासनिसाला त्यांनी फोन लावला. हा तपासनीस म्हणजे निवृत्त नॉर्वेजियन कप्तान, आता कंपनीच्या जहाजांची कागदपत्रं तपासत बंदरोबंदर फिरणारा. अर्ध्या दिवसाने त्याचा उलटा फोन आला. त्या ओळीत ‘बावाल’ असा शब्द आहे, बावाल म्हणजे सक्त मनाई. डेकवर धूम्रपानाला बंदी, एवढंच ते वाक्य. काहीही गळलेलं नाही.

“बवाल!” मालकांनी फोन ठेवला. “शब्द त्यांचा, आणि बवाल आपल्याकडे. बाई, अर्धा दिवस मशीन उभं राहिलं. आता कृपा करा, भाषेत शिरू नका. आपण छापणारे आहोत.”

मशीनवाले तोंड फिरवून हसले. तिचे कान तापले. चूक झाली ती झाली. ते कबूल करायला तिला कमीपणा वाटला नाही. पण टेबलाशी बसल्यावर तिच्या मनात वेगळंच घोळू लागलं. आपण अंदाज बांधला, तो चुकला. मग अंदाज कशाला बांधायचा? ज्याची भाषा त्यालाच का वाचायला देऊ नये?

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने प्रुफांची गुंडाळी पिशवीत घातली आणि बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात गेली. खाली एक लांबट खोली होती, भिंतीला लाकडी बाकं, कोपऱ्यात कॅरमसारखा कसला तरी खेळ मांडलेला. दारावरच्या माणसाने एकाकडे बोट दाखवलं. पन्नाशीचा, ठेंगणा, रुंद खांद्यांचा. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याच जहाजावर डेकच्या माणसांचा मुकादम होता तो. दोरखंड सुटून मनगट मोडलं होतं, म्हणून या खेपेला जहाज त्याला न घेता जाणार होतं.

“तुम्ही मोकळे आहात?” तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

“प्लास्टर निघेपर्यंत माझ्याइतका मोकळा माणूस या गावात नाही,” तोही तसल्याच इंग्रजीत म्हणाला.

मुकादमाने डाव्या हाताने पान उलटत वाचायला सुरुवात केली. चौदावं पान बघून मान डोलावली. एकोणिसावं, विसावं. बाविसाव्या पानावर तो थांबला आणि त्याला खोकला येईपर्यंत हसू आलं.

“काय झालं?”

“हे चांगलंय! धोक्याचा भोंगा वाजला की आम्ही जीवरक्षक होड्यांकडे जाऊ.”

“मग? बरोबरच आहे की.”

“बरोबर आहे, बाई, पण कोण जाणार?” त्याने ओळीवर नख टेकवलं. “इथे लिहिलंय ‘कामी’. कामी म्हणजे आम्ही. मी आणि माझी माणसं. तू नाहीस. ज्याला सांगतोय तो त्यात नाही. तो धरायचा असला तर ‘तायो’ म्हणायचं. तायो, म्हणजे मी, माझी माणसं आणि तूसुद्धा. आता ही पुस्तिका कोण बोलतंय? कंपनी. कोणाला? आम्हा खलाशांना. म्हणजे भोंगा वाजला की साहेब लोक होडीत बसणार, आणि आम्ही कठड्याला उभे राहून हात हलवणार.”

तो पुन्हा हसला. ती हसली नाही. तिला हे समजवावं लागलंच नव्हतं. आपण आणि आम्ही! तिच्या भाषेत लहान मूलसुद्धा यात चुकत नाही. ‘आम्ही बाहेर जातोय’ म्हटलं की दारात उभं असलेलं पोर रडायला लागतं, आणि ‘आपण बाहेर जातोय’ म्हटलं की चपला शोधायला लागतं.

“तुमच्या माणसांना कळेल ना पण? प्रसंग आला तर?” तिने विचारलं.

“जुन्यांना कळेल. ते पुस्तक वाचतच नाहीत.” मुकादमाचं हसू ओसरलं. “नव्या पोरांचं सांगवत नाही. नवा माणूस हुकमाची वाट बघतो. लिहिलंय तसं करतो.”

छापखान्यात परतून तिने डावीकडचे ‘वी’ मोजले. मुकादमाने सांगितलं होतं, नॉर्वेजियनमध्ये आम्ही आणि आपण या दोघांना मिळून हा एकच शब्द, दोन रोमन अक्षरांचा. एकेचाळीस निघाले. मग उजवीकडचे ‘कामी’ मोजले. तेही एकेचाळीस. ‘तायो’ एकही नाही. अख्ख्या पुस्तिकेत एकदाही कंपनीने खलाशाला आपल्यात धरलं नव्हतं. भाषांतर करणाऱ्याने पहिल्या पानावर, जिथे कंपनी स्वतःबद्दल बोलते, तिथे ‘कामी’ बरोबर घातलं असणार, आणि मग तोच शब्द ओळीने सगळीकडे ओतला असणार. काल हेच आकडे जुळलेले दिसते तर तिने समाधानाने बरोबरची खूण केली असती.

संध्याकाळी घरी पानं वाढलेली होती. ती दादा-वहिनींकडे राहायची. आई गेल्यापासून नऊ वर्षं. दादा मान खाली घालून जेवत होता. वहिनी भात वाढता वाढता म्हणाली, “वन्सं, आज आम्ही नवी जागा बघून आलो. छान आहे. हवेशीर.”

एरवी ती ‘बरं झालं’ म्हणाली असती. पण आज दिवसभर तोच शब्द भिंगाखाली होता. तिने घास ताटात ठेवला.

“वहिनी, ‘आम्ही’ बघून आलात हे कळलं. राहायला ‘आम्ही’ जाणार की ‘आपण’?”

वहिनीचा डाव हवेतच राहिला. दादा म्हणाला, “अगं, तसं काही अजून...”

“दादा, मला नुसतं सांग. मी भांडत नाहीये.”

“खोल्या दोनच आहेत, वन्सं,” वहिनी हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. “पोरीला आता अभ्यासाला वेगळी खोली लागते. कसं सांगावं तेच कळत नव्हतं हो. महिनाभर रोज ठरवते, आणि रोज राहून जातं.”

“मग ‘आम्ही’च,” ती म्हणाली. “ठीक आहे. स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. मी माझी सोय बघते.”

तिला लागलं, नाही कसं? हात धुताना नळ जरा जास्तच वेळ चालू राहिला. पण एक गोष्ट तिला स्वच्छ दिसली. कळल्यावर माणूस काहीतरी करू शकतो. त्या नव्या खलाशाला मात्र कळणार कधी? भोंगा वाजल्यावर?

गुरुवारी सकाळी तिने मालकांना सांगितलं, “मी सहीची खूण करणार नाही.”

“पुन्हा?” मालकांनी कपाळाला हात लावला. “परवा तोंडघशी पडलात ते पुरलं नाही?”

“परवा मी अंदाजाने बोलले. आज विचारून आलेय. तपासनिसांना बोलवा. मी मुकादमाला घेऊन येते. त्यांनी ऐकून नाही म्हटलं, तर माझ्याऐवजी तुम्ही सही करा आणि छापा. पण माझी सही त्यावर जाणार नाही.”

बावीस वर्षांत बाईने असं कधी म्हटलं नव्हतं. मालकांनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि फोन उचलला.

तपासनीस अकराला आला. उंच, पांढरी दाढी, दारातून वाकून आत येणारा. त्याने दुधाशिवायची कॉफी मागून घेतली आणि प्रुफं पुढे ओढली. “भाषांतर प्रमाणित आहे. ‘वी’चं ‘कामी’. शब्दकोशात हेच आहे. अडचण काय?”

तिने मुकादमाकडे बघितलं. काल खोकला येईस्तोवर हसणारा माणूस साहेबापुढे भिंतीला चिकटून उभा होता. “अडचण नाही, सर,” तो म्हणाला. “सगळ्यांना समजतं, सर.”

मालकांनी हुश्श केलं. तिला कळलं, आता माघार घेतली तर विषय संपला. पण रागावून तरी काय होणार होतं? आयुष्यभर वरच्या साहेबाला ‘हो’ म्हणत आलेला माणूस एका सकाळीत कसा बदलेल? त्याच्याकडून मत मागण्यातच चूक होती. त्याला काम द्यायला हवं.

“साहेब,” ती तपासनिसाला म्हणाली, “बाविसाव्या पानावरची उजवीकडची ही ओळ मोठ्याने वाचा. जशी येईल तशी. यांना उद्देशून.”

तपासनिसाने भुवया उंचावल्या, पण वाचली. अडखळत, ‘कामी’वर जोर देत.

“आता तुम्ही,” ती मुकादमाला म्हणाली. “बोलू नका. कोण कोण होडीकडे जाणार ते फक्त हाताने दाखवा.”

मुकादम क्षणभर घुटमळला. मग त्याने डावा हात उचलला आणि तपासनिसाकडे बोट केलं. मग मालकांकडे. मग टेबलावरच्या कंपनीच्या शिक्क्याकडे. हात तिथेच थांबला.

“आणि तुम्ही?”

“मी हुकमाची वाट बघतो, सर,” मुकादम तपासनिसाकडे बघत म्हणाला.

तपासनिसाने त्या ओळीकडे पुन्हा बघितलं.

“आता ‘कामी’च्या जागी ‘तायो’ वाचा,” ती म्हणाली.

तपासनिसाने वाचलं. या वेळी मुकादमाचा हात सगळ्या खोलीवरून फिरला, साहेब, मालक, दाराशी कान लावून उभा डीटीपीवाला, भिंगबाई, आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या छातीवर येऊन टेकला.

तपासनिसाने कप खाली ठेवला. “चाळीस वर्षं मी यांच्याबरोबर जहाजावर काढली,” तो सावकाश म्हणाला. “मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही कोणाला ‘वी जेवायला जातोय’ म्हणालात, तर तो येणार की नाही हे त्याला कसं कळतं?”

“ते... प्रसंगावर असतं.”

“त्यांच्या भाषेत प्रसंगावर सोडत नाहीत. आमच्याही नाही.”

मालकांचा जीव मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. “अहो पण एकेचाळीस ठिकाणी शब्द बदलले तर ओळी सरकतील, पानं सरकतील, सगळी मांडणी नव्याने! शनिवार गाठायचा कसा?”

“एकही ओळ सरकणार नाही,” ती म्हणाली. “दोन्ही शब्द रोमन लिपीत चार अक्षरांचे आहेत. मी मोजलेत.”

मालकांनी भिंग उचलून स्वतः मोजलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

तपासनिसाने कंपनीला तिथूनच कळवलं आणि दुपारच्या आत होकार मिळवला. मग तिघं टेबलाशी बसले. सगळे शब्द सरसकट बदलून चालणार नव्हतं; जिथे कंपनी स्वतःची जबाबदारी सांगते तिथे ‘आम्ही’च हवं होतं. ती प्रत्येक वाक्याचा अर्थ तपासनिसाकडून घ्यायची, मनात मराठीत म्हणून बघायची, आणि आपण की आम्ही ते सांगायची. मुकादम खात्री करायचा. आता त्याला ‘सर’ म्हणायचीही सवड नव्हती. सातव्या पानावर त्याने तिला थांबवलं.

“बाई, तुम्ही नुसता ‘कामी’ धरलात. ‘नामिन’ राहिला. नामिन म्हणजे आमचं. आपलं म्हणायचं तर ‘नातिन’.”

ती चपापली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. एकोणीस ‘नामिन’ सापडले. नामिन आणि नातिन, दोन्ही पाच अक्षरं. मालक लांबूनच म्हणाले, “ही भाषा छापखानेवाल्यांनीच बनवलेली दिसतेय!”

बारा ठिकाणी ‘कामी’ तसाच राहिला, अठ्ठावीस ठिकाणी ‘तायो’ झाला. एका वाक्यावर गाडी अडली. अपघात झाला तर ‘वी’ लगेच वर कळवतो. कोण कळवतो? अधिकारी, की कोणीही?

तपासनीस दाढी कुरवाळत राहिला. “हे वाक्य मीच लिहिलंय,” तो अखेर म्हणाला. “लिहिताना ठरवायची वेळच आली नाही.”

“मग आता ठरवा.”

मुकादम स्वतःच्या प्लास्टरकडे बघत म्हणाला, “माझं मनगट मोडलं तेव्हा कळवायला मी साहेबाची वाट बघितली. वीस मिनिटं.”

“तायो,” तपासनीस म्हणाला. “लिहा.”

शुक्रवारी दुपारी शेवटचा सोळा पानी फर्मा मशीनवरून उतरला. प्रुफाच्या प्रत्येक पानावर तिने आधीच सही केली होती. शनिवारी सकाळी गठ्ठे जहाजावर गेले आणि जहाज वेळेवर सुटलं. पुढच्या आठवड्यात तिने छापखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एक खोली ठरवली. दादा सामान चढवायला आला, वहिनीने खिडकीला पडदे शिवून दिले, आणि जेवायला रविवारी यायचंच असं तिघांनी मिळून ठरवलं.

तपासनीस त्या शनिवारीच, निघण्याआधी, आभार मानायला आला होता. बोलता बोलता म्हणाला की हाच मजकूर, याच मांडणीत, कंपनीच्या आणखी अकरा जहाजांवर आहे, दुसरीकडे छापलेला.

“कोणता? जुना?” ती उभी राहिली.

“हो. पण नवी आवृत्ती निघेल तेव्हा दुरुस्त होईलच. दोन वर्षांनी.”

“तोवर भोंगा वाजणार नाही असं कंपनीने लिहून दिलंय का?”

तिने कोरा कागद ओढला, बाविसाव्या पानावरची ओळ पट्टीने मोजली, उंची मोजली, आणि चिकटवायच्या चिठ्ठीचा आकार आखला. मग एकोणिसाव्या पानाची, मग सातव्या. तपासनीस टोपी काढून पुन्हा खुर्चीत बसला.

“कंपनीला काय लिहू?” त्याने विचारलं.

“लिहा की चिठ्ठ्या तयार आहेत, कुठल्या बंदरात पाठवायच्या तेवढं कळवा.” तिने आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, “अहो, कटिंग मशीन कोणी बंद करू नका!”